रंगाचे हात

माझी ओळख करून देताना लोक मला कवी म्हणतात आणि तेवढ्यावरच थांबतात, हे बरं करतात. कारण मी ज्या घरात वाढलो, तिथं 'मिस्त्री' ही पदवी कवीपेक्षा मोठी होती आणि ती मला कधीच मिळाली नाही. माझे अब्बा सोलापुरात मोटारींना रंग देत. मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो, वह्या भरू लागलो. पन्नाशी उलटून गेल्यावर, २०२४ च्या मे महिन्यात, एका दुपारी मला एकाएकी वाटलं की, अब्बांची विद्या आपल्याही हातात आहे. त्या समजुतीपोटी मी माझ्या लेकीच्या गाडीचा पत्रा उघडा पाडला.

झालं ते असं. लेक पुण्यात नोकरी करते. स्वतःच्या पगारातून, हप्त्यावर, तिनं जुनी पण चांगली ठेवलेली एक चंदेरी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. गाडी घेऊन ती पहिल्यांदाच घरी आली आणि गल्लीत कुणाच्या तरी सायकलचं हँडल बॉनेटला घासून गेलं. वीतभर लांबीचा ओरखडा. तिचा चेहरा पडला. मी म्हणालो, "एवढ्यासाठी गॅरेज कशाला? हे तर दादाजानांचं काम. संध्याकाळी बघ, कुठं होता ते सापडणार नाही." ती तिच्या आईबरोबर लग्नाला गेली आणि मी माळ्यावरची अब्बांची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

ट्रंकेत एक लाकडी गुटका होता, वाळून दगड झालेल्या रबिंग कंपाउंडचा डबा होता आणि पॉलिश पेपरचे अर्धे-पाव तुकडे होते. त्यातला जो बरा दिसला तो घेतला. पाठीवर २२० हा आकडा होता. आकड्याशी मला काय करायचं होतं? पेपर तो पेपर. अब्बा पाणी मारून घासायचे, हे मात्र पक्कं आठवत होतं. आणखी एक आठवत होतं. घासताना ते म्हणायचे, "पाण्याकडे बघ." पाण्यात रंग उतरला की काम बरोबर चाललंय असं समजायचं.

मी घासू लागलो. आधी पाणी दुधासारखं पांढरं आलं. मग राखाडी आलं. मी खूश झालो, पाण्यात रंग उतरला! आणखी जोर लावला. ऊन लागून पाणी वाळलं, तेव्हा बॉनेटवर तळहाताएवढा डाग उमटला होता. कडेला धुरकट, आत राख फासल्यासारखा, मध्ये प्रायमर आणि बॉनेटला जी उंच धार असते तिथं लख्ख उघडा पत्रा. ओरखडा खरोखरच सापडत नव्हता.

आता ही चूक नेमकी कुठं झाली हे सांगायचं तर मला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जायला हवं.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांना रंगही बग्गीचाच लागे. तेलाचा रंग, वर व्हार्निश, सगळं ब्रशानं. एक हात दिला की तो वाळायची दिवसचे दिवस वाट पाहायची, मग टाचा घासायच्या सच्छिद्र दगडासारख्या दगडानं पाणी मारून तो गुळगुळीत करायचा, मग दुसरा हात. आमच्या धंद्यात रंगाच्या थराला 'हात' म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. भिंतीलाही आपण दोन हात देतो. मोटारीला तसे कितीतरी हात लागत आणि एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे जात.

१९१३ साली हेन्री फोर्डनं अमेरिकेत सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली. जिथं एका गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, तिथं पुढं दीड तास पुरू लागला. पण रंग काही घाई करीना. फोर्डच्या 'मॉडेल टी' गाड्या १९१४ ते १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत. लोकांना वाटतं, फोर्ड हट्टी होता. हट्ट असेलही, पण डांबरासारख्या पदार्थापासून केलेला तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजून लवकर वाळवता येई. बाकीच्या कारखानदारांना निळ्या-हिरव्या गाड्या द्यायच्या तर छपरांखाली नुसत्या वाळत पडलेल्या गाड्यांच्या रांगा लावाव्या लागत.

ही कोंडी फोडली कापसानं. मी सोलापूरचा असल्यामुळे हा भाग मला फार आवडतो. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की त्याची स्फोटक दारू होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं ती प्रचंड प्रमाणात केली. युद्ध संपलं आणि एवढ्या दारूचं करायचं काय, हा प्रश्न पडला. हाच कापूस कमी तीव्रतेनं मुरवून द्रावणात विरघळवला तर त्याचा पारदर्शक लेप होतो, हे माहीत होतं. पण तो काढा इतका घट्ट होई की फवारायचा म्हटला तर फार पातळ करावा लागे आणि मग अंगावर काही उरतच नसे. १९२० साली एक पिंप सुट्टीच्या दिवसांत तसंच राहून गेलं आणि उघडून पाहिलं तर आतला काढा आपोआप पाकासारखा पातळ झालेला! त्यातून निघाला 'ड्यूको'. १९२३ साली जनरल मोटर्सनं आपल्या ओकलंड गाड्यांना या नव्या पद्धतीचा निळा रंग दिला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. ब्रश गेला आणि फवाऱ्याची बंदूक आली.

आपल्याकडे आजही गॅरेजवालाच काय, फर्निचरवालासुद्धा फवाऱ्याच्या रंगाला सरसकट 'डुको' म्हणतो. ब्रँडचं नाव पदार्थाला चिकटून बसलं. माझे आजोबा सोलापुरातल्या एका कापडाच्या गिरणीत मागावर होते. गिरणीचे दिवस फिरले तेव्हा त्यांनी मुलाला मागावर न घालता गॅरेजात घातलं. आजोबांनी आयुष्यभर कापूस विणला आणि अब्बांनी तो आयुष्यभर फवारला. दोघांनाही हे नातं माहीत नव्हतं. मलाही उशिरा कळलं, आणि तेव्हा सांगायला दोघेही नव्हते.

थोडं विषयांतर करतो. असल्या रंगाला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात. तो शब्द आपलाच. संस्कृतातली 'लाक्षा', तिची झाली 'लाख', फारसी-अरबीतून ती पोर्तुगीज-फ्रेंचांपर्यंत गेली आणि तिथून 'लॅकर' होऊन मोटारीच्या पाठीवर बसून परत आली. सावंतवाडीचा कारागीर लाकडी खेळण्यावर लाख चढवतो तेव्हा तो त्याच घराण्यातलं काम करत असतो. अब्बा पॉलिश पेपरला 'रेगमाल' म्हणत. रेग म्हणजे वाळू, माल म्हणजे घासणारा. फारसी शब्द आहे. सोलापूरच्या गॅरेजात फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, कानडी, मराठी आणि दखनी हे सगळं एकाच टपावर वाळत पडलेलं असायचं. मी कवी झालो यात त्या टपाचा वाटा असावा.

आता या रेगमालाकडे येतो, कारण गुन्हेगार तोच आहे. त्याचाही इतिहास चुकांचाच. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन नावाचा अमेरिकी माणूस विजेच्या भट्टीत माती आणि कोळसा तापवत होता. त्याला हिऱ्यासारखं काहीतरी टणक बनवायचं होतं. मिळाले ते चमकदार कडक स्फटिक. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण आहे, म्हणून त्यानं 'कार्बोरंडम' असं बारसं केलं. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होतं. नाव चुकलं ते चुकलंच, आणि तेच टिकलं. १९५४ साली मद्रासमध्ये याच कामातली जी कंपनी उभी राहिली, तिच्याही नावात कार्बोरंडम आहे.

दुसरी चूक १९०२ ची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काही मंडळींनी घासकामाला लागणारा कोरंडमचा दगड काढायला खाण घेतली. खाणीतून निघाला भलताच, काही कामाचा नसलेला दगड. ती कंपनी बुडता बुडता वाचली आणि बाहेरून दगड आणून पेपर बनवू लागली. तिलाच आपण आज थ्री-एम म्हणून ओळखतो. तिच्याकडे फिलाडेल्फियातल्या एका शाई बनवणाऱ्याचं पत्र आलं. फ्रान्सिस ओकी त्याचं नाव. त्याला घासकामाच्या दाण्यांचे नमुने हवे होते. शाईवाल्याला वाळू कशाला, असा प्रश्न पडून कंपनीनं चौकशी केली, तर गृहस्थानं पाण्यात भिजला तरी सुटत नाही असा पेपर शोधून काढलेला. १९२१ पासून हा पाण्याचा पेपर बाजारात आला.

ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. तोवर मोटारीचा रंग कोरडाच पेपरनं घासत आणि त्या काळच्या रंगात शिसं असे. शिशाची ती धूळ कारागिराच्या छातीत जाई. पाणी आलं आणि धूळ खाली बसली. शिवाय पाण्यानं पेपर लवकर भरत नाही आणि रंग तापत नाही. त्याच कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण हे पेपर घेऊन गॅरेजात जात असे. तिथं दोन रंगांच्या गाड्या करताना कागद चिकटवून काढला की खालचा रंगही निघून येतो, म्हणून कारागीर शिव्या घालताना त्यानं ऐकलं. त्या शिव्यांतून १९२५ साली मास्किंग टेप जन्माला आली. शिव्यांचं एवढं चांगलं फळ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता सोलापुरात या. वालचंद हिराचंद इथलेच, १८८२ सालचा त्यांचा जन्म. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. तिचीच पुढं १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. मी ते वाचताना तिच्या मडगार्डांचा विचार करत होतो.

कारण त्या काळात गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. मिळालेली गाडी माणसं जन्मभर वापरत. डॉक्टर, अडते, वकील यांच्या फियाट-अँबॅसिडर आमच्या गॅरेजात दर चार-पाच वर्षांनी नवा जन्म घ्यायला येत. मुलीचं लग्न ठरलं की घराला आणि गाडीला एकदमच रंग लागे.

ते काम मी लहानपणी तासन्‌तास पाहिलंय. डेंटर पत्रा ठोकून सरळ करी. मग अब्बा लांबी भरत, ती वाळली की जाड पेपर, मग प्रायमर, मग बारीक पेपर, मग डुकोचे हात. एक, दोन, पाच, सहा. प्रत्येक हात म्हणजे श्वासाएवढा पातळ. मध्ये मध्ये पाणी आणि पेपर. तोंडाला हातरुमाल बांधलेला. संध्याकाळी ते गुळाचा खडा खात. गूळ खाल्ला की छातीतला रंग उतरतो, अशी सगळ्या रंगाऱ्यांची पक्की श्रद्धा होती. रंग उतरत नव्हता. शेवटची काही वर्षं अब्बांना जिना चढवत नसे. २००९ साली ते गेले.

त्या डुकोचा एक स्वभाव होता आणि माझ्या चुकीचं मूळ त्या स्वभावात आहे. डुको फक्त थिनर उडून गेल्यामुळे वाळतो. वाळल्यानंतरही त्याला थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे नवा हात जुन्या हातात मिसळून जातो, शिवण दिसत नाही. कुठं जास्त घासलं गेलं, कुठं ओघळ आला, तर तेवढ्यावर दोन हात मारायचे, पुन्हा पेपर, पुन्हा कंपाउंड. तो रंग चूक पोटात घालणारा होता. आणि त्याच्यावर वेगळा पारदर्शक थर नसे. रंग हाच शेवटचा हात. त्यामुळे पांढरी गाडी घासली की पहिल्या क्षणापासून पाणी पांढरं, निळी घासली की निळं. उन्हानं फिका पडलेला वरचा पापुद्रा निघे आणि खालून ताजा रंग वर येई. 'पाण्याकडे बघ' याचा अर्थ हा होता.

मग रंग बदलला. डुकोत घन भाग थोडा आणि हवेत उडून जाणारं द्रावण फार. लॉस एंजेलिससारख्या शहरात धुरक्यानं लोकांचे डोळे चुरचुरू लागले तेव्हा १९६६ साली तिथं अशा द्रावणांवर निर्बंध आले. शिवाय डुको उन्हात फुटे, दर वर्षी पॉलिश मागे. त्याच सुमारास फोर्डच्या कारखान्यात गाडीचा सगळा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं पहिला थर चढवायला सुरुवात झाली. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत रंगाची फोड झाली. खाली रंगाचा पातळ बेस आणि वर रंग नसलेला, काचेसारखा क्लिअर कोट. चमक आता रंगात राहिली नाही, त्याच्या अंगावरच्या काचेत गेली. गॅरेजातला क्लिअर कोट हार्डनर घालून मारतात. तो वाळत नाही, तो पिकतो. त्याचे कण एकमेकांत कायमचे गुंततात आणि मग थिनर लावा की आणखी काही, तो विरघळत नाही. ऊन, पाऊस तो बऱ्यापैकी सोसतो. माणसाचा हात फिरवणं तेवढं सोसत नाही.

आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि मग धातूची झाक असलेले चंदेरी, सोनेरी रंग सर्रास दिसू लागले. चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या अतिबारीक चकत्या. त्या बेसमध्ये आडव्या निजलेल्या असतात म्हणून प्रकाश परततो. त्या उघड्या पडून घासल्या गेल्या की चंदेरी मरतो आणि राख उरते. पॉलिशनं ती चमक परत येत नाही.

या सगळ्या थरांची मिळून जाडी किती असावी? कारखान्यातल्या रंगाची साधारण शंभर ते एकशेवीस मायक्रॉन. म्हणजे वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉन, एका कागदापेक्षाही कमी. त्या निम्म्या-अर्ध्या कागदावर मी २२० नंबरचा पेपर चालवला होता. पेपरचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. क्लिअर कोटवर १५००, २००० असली पेपरं फिरवतात, तीही गुटक्यावर ताणून, बोटांच्या टोकांनी नव्हे. आणि जिथं पत्र्याला धार असते तिथं तर हात लावायचाच नाही, कारण तिथं रंग मुळातच पातळ बसतो.

दुधासारखं पांढरं पाणी आलं, तो क्लिअर कोट होता. तिथंच थांबायला हवं होतं. राखाडी पाणी आलं, तो बेस. अब्बांच्या गाडीत पाण्यात रंग येणं म्हणजे काम सुरू झाल्याची खूण. लेकीच्या गाडीत ती काम संपल्याची खूण होती.

हे सगळं मला सांगितलं अब्बांच्या शेवटच्या शागिर्दानं. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, भट्टीही आहे. संध्याकाळी मी त्याला बोलावलं. आमचं बोलणं झालं दखनीत, इथं मराठीत सांगतो. बॉनेट बघून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कविराज, हे काय करून ठेवलाव?" त्यानं तांब्याभर पाणी डागावर ओतलं. कडेची धुरकट जागा ओली होताच दिसेनाशी झाली, मधली राख तशीच राहिली. म्हणाला, "जिथं पाण्यानं डाग जातो तिथं अजून क्लिअर शिल्लक आहे, ते पॉलिशनं वाचेल. जिथं जात नाही, तिथं काही नाही. पॉलिश काही घालत नसतं, काढतच असतं. मूळ ओरखड्याला नख अडकत होतं का?" मी म्हणालो, बघितलं नाही. "नख अडकलं नसतं तर हे दहा मिनिटांचं काम होतं."

"उस्तादांनी तुम्हाला शिकवलं होतं का पेपर धरायला?" त्यानं विचारलं.

रात्री लेक परतली तेव्हा तिनंही हेच विचारलं. ती रागावेल अशी माझी तयारी होती. ती रागावली नाही, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. अजून अडीच वर्षांचे हप्ते बाकी होते. मग म्हणाली, "पप्पा, दादाजानांनी तुम्हाला शिकवलं होतं?"

नव्हतं शिकवलं. खरं तर हाताच लावू दिला नव्हता. तेरा-चौदा वर्षांचा असताना एकदा मी बंदूक उचलली तर त्यांनी ती काढून घेतली आणि मला थेट घरी पाठवलं, पुस्तकांकडे. हातरुमालाचा वास घेऊन ते मला म्हणाले होते, "हे तुझ्यासाठी नाही." मला तेव्हा अपमान वाटला होता. मी गॅरेजात जायचो ते बघायला, आणि इतकी वर्षं बघत राहिलो की बघण्यालाच शिकणं समजून बसलो. शागिर्दाला त्यांनी शिकवलं, मुलाला नाही. लेकीला मी एवढंच म्हणालो, "नाही बेटा. मी फक्त बघितलं होतं."

दुरुस्तीला पाच दिवस लागले. बॉनेट उतरवलं. डागाभोवतीचे सगळे थर चारशे, सहाशेच्या पेपरनं असे उतरते केले की बोटाला पायरी लागू नये. उघड्या पत्र्याला प्रायमर. मग चंदेरी जुळवणं. मला वाटलं होतं रंगाचा नंबर गाडीवर लिहिलेला असतो, तो दुकानात सांगितला की झालं. पण तोच नंबर, तोच डबा, तरी बंदूक जवळ धरली तर रंग गडद, लांब धरली तर फिका, कारण ॲल्युमिनियमच्या चकत्या ओल्या रंगात वेगळ्या निजतात. त्यानं पत्र्याच्या तीन तुकड्यांवर तीन तऱ्हांनी फवारून पाहिलं आणि ते तुकडे उन्हात, सावलीत, तिरपे धरून गाडीशी लावले. बेस डागापुरताच मारला आणि कडेला विरत नेला. क्लिअर मात्र अख्ख्या बॉनेटवर. नवा क्लिअर जुन्यात मिसळत नाही, मध्येच थांबला तर तिथं कड दिसते. ती शिवण पत्र्याच्या कडेलाच लपवावी लागते.

मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे दुपारी थिनर हवेतच उडून जायचं. म्हणून तो पहाटे उठून काम करी, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवी. तोंडाला डब्या लावलेला मुखवटा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर दमा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी विचारलं, "गूळ नाही खात?" म्हणाला, "खातो की. चहात."

चौथ्या दिवशी क्लिअर पिकला होता. त्याच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर असते, ती मोडायला त्यानं २००० चा पेपर भिजवला, अब्बांच्या गुटक्यावर ताणला आणि माझ्या हातात दिला. बॉनेटच्या मधोमध, धारेपासून दूर, वीतभर जागा दाखवली. "एवढंच. वजन टाकायचं नाही, हाताचं असतं तेवढंच. पाणी पांढरं आलं की थांबायचं." गुटक्याला एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडलेला आहे. माझा अंगठा त्यात बसला नाही, अब्बांचा रुंद होता. मी दहा-बारा वेळा हात फिरवला. पाणी पांढरं आलं. मी थांबलो.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. मी बळेच दिले, तेव्हा सामानापुरते घेतले आणि म्हणाला, "हा गुटका राहू दे माझ्याकडे." मी दिला. ट्रंकेतले २२० चे तुकडेही द्यायला गेलो, तर हसून म्हणाला, "ते तुम्हीच ठेवा."

गाडी पुण्याला गेली. बॉनेट उन्हात एकसंध दिसतं. संध्याकाळी ऊन तिरपं आलं आणि तुम्हाला जागा माहीत असली तर चंदेरी किंचित निराळा दिसतो, एवढंच.

परवा लेकीचा फोन आला. पार्किंगमध्ये मागच्या दाराला कुणीतरी घासून गेलं. मी लगेच विचारलं, "नख अडकतं का?"

"नाही अडकत."

"पाणी ओतून बघ."

"बघितलं. ओलं असताना दिसत नाही."

"मग काही विशेष नाही, तू शनिवारी ये, मी..."

"पप्पा," ती म्हणाली, "मी चाचांना फोन केलाय. तुम्ही फक्त जेवायला काय करायचं ते अम्मीला सांगा."